नवरी दिसेनाशी होईपर्यंत

"त्यांना म्हण, आणखी एक डाव वाजवा," नाना म्हणाले.

"नाना, दोनदा सांगून झालं माझं."

"मग तिसऱ्यांदा सांग. तुला पगार कशाचा देत्यात?"

पगार मला खरं तर बाजारहाटाचा मिळायचा. विमानाच्या कारखान्यासाठी ओझरला रशियन इंजिनिअर आले होते. त्यांच्या बायकांना मेथी आणि शेपू वेगळी करून दाखवणं, शिंप्याकडे नेणं, डॉक्टरसमोर त्यांची पोटदुखी मराठीत आणणं हे माझं काम. नाशिकला बी. ए. करताना एका मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून मी रशियनच्या वर्गात बसले होते. मैत्रीण महिन्यात सुटली आणि मी अडकले ती अडकलेच. पण त्या दिवशी मी त्यांच्या वसाहतीतल्या क्लबात उभी होते ती नोकरीसाठी नाही. माझ्याच लग्नाची पत्रिका द्यायला नानांना घेऊन आले होते.

नाना म्हणजे माझे वडील, गेनूमास्तर खंडागळे. निफाडपासून सिन्नरपर्यंत ज्या मांडवात त्यांचा बँड नाही ते लग्न लोक जरा कमीच समजायचे. कोट, टोपी आणि बगलेत सदान्‌कदा ट्रंपेट. लग्नाला नुसती पत्रिका देऊन भागत नाही, घरच्या थोरल्यानं स्वतः जाऊन अक्षत द्यावी लागते, असं म्हणून ते माझ्याबरोबर आले. आणि क्लबाच्या दारातच खिळून राहिले.

आत म्हातारा पियानो वाजवत होता. इनोकेंती साव्विच. लीदा नावाच्या इंजिनिअरबाईचे वडील. लेकीकडे हिवाळा काढायला आले होते. वसाहतीत त्यांची ओळख एवढीच, की हे रोज संध्याकाळी क्लबात एकच चाल वाजवतात आणि मग झाकण आपटून निघून जातात. पूर्वी लेनिनग्राडला संगीत रचायचे, पण त्यांचं कुणी फारसं वाजवलं नाही, पुढे पुढे त्यांनीच सोडून दिलं, असं लीदानं मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. ओझरच्या उन्हानं त्या पियानोचे निम्मे सूर उतरले होते. तरी ती चाल अशी होती, की मीसुद्धा पत्रिकांची पिशवी खाली ठेवली.

मी तिसऱ्यांदा विनंती केली. म्हाताऱ्यानं नानांकडे, मग त्यांच्या बगलेतल्या ट्रंपेटकडे पाहिलं आणि पुन्हा वाजवलं. नाना डोळे मिटून पुटपुटत होते, सा, ग, ग, म. त्यांची शिकायची रीत हीच. कागद नाही, काही नाही. एकदा सरगम ओठावर आली की गाठ मारल्यासारखी पक्की. चाल हळूहळू चढत गेली, निषादावर पोचली आणि तिथेच थांबली. म्हाताऱ्यानं झाकण आपटलं.

"नीवर आणून सोडलं," नाना हळूच म्हणाले. "रागीट दिसतोय गडी. मालन, तुला वाटं लावताना हीच वाजवायची. इचार त्यांना."

मी विचारलं. माझं लग्न आहे, नवरी सासरी निघते तेव्हा आमच्याकडे बँड वाजतो, वडिलांना तुमची चाल हवी आहे, असं सगळं नीट सांगितलं.

"नाही," म्हातारा म्हणाला. पत्रिका मात्र दोन्ही हातांनी घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

परतताना नाना तीच सरगम पुटपुटत होते. मला राहवेना. "तुम्हाला पाठ झालीय ना? मग वाजवा की. सिनेमावाल्यांना कधी विचारलंत?"

"सिनेमावाल्यांनी चाल रेडिओत सोडून दिली. ती समद्यांची झाली. या बाबाची अजून घरातच हाये. कुणाच्या घरातली वस्तू न इचारता उचलायची व्हय?"

"मग दुसरी वाजवा. तुम्हाला शंभर येतात."

"शंभर येत्यात," नाना म्हणाले, "पर त्या शंभर पोरींच्या हायेत."

हे असं होतं. नानांनी साऱ्या तालुक्याच्या मुली वाटं लावल्या होत्या. आपल्या मुलीला मात्र अशी चाल हवी जी आजवर कुणाच्याच मुलीला वाजलेली नाही, हे त्यांनी मी परकरात असल्यापासून धरून ठेवलं होतं. आई म्हणायची, पोरीला स्थळ मिळंल पण बापाला चाल मिळायची न्हाई. स्थळ मिळालं, सिन्नरचे शाळामास्तर. चाल मिळाली होती, तर तिचा मालक नाही म्हणत होता.

हळदीच्या दिवशी म्हातारा लीदाला घेऊन आपणहून आमच्या दारात आला. जेवायचं आमंत्रण नानांनी दिलंच होतं. त्यानं पुरणपोळी पावाच्या तुकड्यासारखी हातात धरून खाल्ली, कटाची आमटी प्याला, मग घाम पुसत आमच्या अंगणात खाटेवर बसला. हळदीनं पिवळी झालेली मी त्याच्या शेजारी, दुभाषी म्हणून. नवरीनं हळद लागल्यावर परक्या पुरुषाशेजारी बसू नये, असं आत्या दोनदा बोलून गेली. "परका कसला, आज्यासारखा हाये," असं म्हणून आईनं तिला आत पिटाळलं.

अंगणात बँडची तालीम चालली होती. नवरीचा बाप मांडवात वाजवत नाही. त्यानं लेकीजवळ उभं राहायचं असतं. म्हणून लग्नात सगळा भार जानूकाकांच्या क्लॅरनेटवर होता. नाना एकेक चाल सांगायचे, जानूकाका धरायचे, आणि चार सूर होताच नाना हात वर करायचे.

"ऱ्हाऊ दे. ही मोरे पाटलाच्या धाकटीची."

दुसरी सुरू. "ऱ्हाऊ दे. ही चांदोरीच्या सुताराच्या पोरीची. लई रडली होती बिचारी."

तिसरी. "ही तर आपल्या भाचीचीच की रं."

म्हाताऱ्यानं मला विचारलं, "ते का थांबवतात सारखे?"

मी सांगितलं, प्रत्येक चालीत त्यांना दुसऱ्या कुणाची तरी मुलगी दिसते.

"आणि तुझ्यासाठी?"

मी ते नानांना विचारलं. नानांनी ट्रंपेटचं तोंड म्हाताऱ्याच्या छातीकडे रोखलं.

म्हातारा हसला. वसाहतीत त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. लीदानं चटकन मान वळवून बघितलं. मग तो खाली मातीकडे बघत म्हणाला, "एका अटीवर. मी जिथे थांबतो तिथे त्यांनी थांबायचं. पुढे एकही सूर लावायचा नाही."

मी मराठीत सांगितलं तसे नानांच्या ओठांवर ती सरगम रोज ऐकणारे जानूकाका क्लॅरनेट खाली ठेवून उभेच राहिले. "मास्तर, भलतंच काय! ती गत सुरू व्हती न व्हती तोच सरती. नवरी गाडीत तरी बसंल का तेवढ्यात?"

आमच्या बँडचा एक दंडक होता. नवरी निघाली की ती दिसेनाशी होईपर्यंत बँड थांबवायचा नाही. अंतरा वाजवायचा, मुखड्यावर यायचं, पुन्हा अंतरा, पुन्हा मुखडा. गाडी वळणाआड गेली की मगच वाद्य तोंडावरून काढायचं. मध्ये बंद पडणं म्हणजे अपशकुन, आणि गेनूमास्तरांच्या बँडच्या हातून तो कधी झाला नव्हता.

नानांनी फाटकापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग माझ्याकडे वळले. "तू झटक्यात बसशील का गाडीत?"

"म्हणजे?"

"म्हंजी आईच्या गळ्यात पडून रडत बसायचं न्हाई. पाया पडायचं, बसायचं, जायचं."

"नाना, माझी पाठवणी आहे का बस पकडायचीय?"

"बसशील का न्हाई ते सांग."

"बसेन," मी म्हणाले. नानांनी म्हाताऱ्यापुढे हात केला आणि शब्द दिला.

मग माझ्या पाठवणीचीच तालीम झाली. जानूकाका चाल वाजवतायत, मी ओसरीवरून निघून पाया पडत फाटकापर्यंत धावतेय, आणि नाना ओरडतायत, "आईपाशी लई येळ लागतोय!" आई म्हणाली, "मी दाराआडच ऱ्हाते, म्हंजी मिटलं." हळदीच्या अंगानं मी तीनदा फाटकापर्यंत गेले. शेवटच्या वेळी निषाद लागायच्या आत पोचले तेव्हा बँडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानंही.

लग्नात म्हातारा लोकरीच्या सुटात आला. कुणीतरी त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला, तो त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि ऊन कलायला लागलं तशी सिन्नरकरांची जीप फाटकाशी येऊन उभी राहिली.

जानूकाकांनी चाल धरली.

क्लबातल्या उतरलेल्या पियानोवर जी चाल एकटी वाटायची, ती क्लॅरनेटवर आली, तिच्याखाली ढोल संथ लागला, आणि मांडवातल्या बाया एकदम गप्प झाल्या. गाणं ओळखीचं नाही, शब्द नाहीत, तरी मोरे पाटलांसारखा माणूस पदर नाही म्हणून उपरण्यानं डोळे पुसायला लागला. मी ठरल्याप्रमाणे निघाले. आईच्या पाया पडले, तिनं मला ठरल्याप्रमाणे लगेच सोडलं, आणि तेवढ्यासाठी मला तिचा इतका राग आला की विचारू नका.

पण आत्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं मला फाटकाशी गाठलं आणि मिठीच मारली. "माझी मालन गं!" मी सुटायला बघतेय, ती आणखी आवळतेय. चाल चढायला लागली होती. मी तिचे हात सोडवून जीपमध्ये बसले. नवरदेव शेजारी बसले. ड्रायव्हरनं बटण दाबलं. जीप खोकली आणि गप्प झाली.

तो हँडल घेऊन खाली उतरला. जानूकाका निषादावर पोचले. त्यांनी तो सूर धरून ठेवला. हँडल एकदा फिरलं, दोनदा फिरलं. जानूकाकांचे गाल फुगले, डोळे वटारले, आणि शेवटी दम सरला. सूर तुटला. ढोल थांबला. फाटकात नवरी गाडीत बसलेली आणि बँड बंद.

"अगं बाई, बँड बंद पडला!" आत्या किंचाळली. माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळी माणसं नानांकडे बघायला लागली. नाना माझ्या जीपला हात लावून उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एका हाताशी लेक होती आणि पलीकडे दिलेला शब्द. ते म्हाताऱ्याकडे बघत होते, पण तोंडानं काही मागत नव्हते.

मग दुभाष्यानं गप्प बसून कसं चालेल? मी शालू आवरत जीपमध्ये उभी राहिले आणि सगळ्या वऱ्हाडासमोर रशियनमध्ये ओरडले, "आजोबा, मी अजून गेले नाही! यांना थांबता येत नाही!"

गुलाबी फेट्याखाली म्हाताऱ्याचे ओठ हलले. "दाल्शे," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "दाल्शे!"

"पुढे म्हणतायत, नाना! पुढे वाजवा!"

"पुढं काय हाये ते इचार!" नाना ओरडले.

मी विचारलं. म्हाताऱ्यानं दोन्ही रिकामे हात पुढे केले. "मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं."

"त्यांनाच माहीत नाही, नाना! एवढीच आहे ती. पुढचं त्यांना कधी सुचलंच नाही!"

 नानांना वाटलं होतं, म्हातारा रोज रागानं झाकण आपटतो. पुढे काही नाही म्हणून आपटतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"सुचायचंय काय त्यात?" नाना म्हणाले. "मुखड्यावर यायचं!"

आणि नवरीच्या बापानं वाजवायचं नसतं हे विसरून त्यांनी बँडमधल्या एका पोराच्या हातातली आपली ट्रंपेट ओढून घेतली. जानूकाकांनी सोडलेला निषाद त्यांनी पुन्हा उचलला, थोडा धरला, आणि त्यावरून पहिल्या षड्जावर असे अलगद उतरले की मधे पायरी होती हे कळलंसुद्धा नाही. ढोल आला. क्लॅरनेट आला. चाल पहिल्यापासून सुरू झाली, पण आता ती पहिल्यासारखी नव्हती. आधी ती कुणाला तरी थांब म्हणत होती. आता जा म्हणत होती. मी जीपमध्येच कोसळून रडले, अगदी मनासारखी.

जीप सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा म्हातारा नानांच्या शेजारी उभा होता आणि त्याचा एक हात नानांच्या खांद्यावर होता. नाना वाजवत होते. नदीच्या उतारापर्यंत मला ते दोघे दिसले.

पाचपरतावणाला माहेरी आले तेव्हा लीदाचा निरोप होता. वडील आठवड्यात परत निघालेत, त्यांना मला भेटायचंय. मी क्लबात गेले. म्हातारा पियानोपाशी होता, झाकण उघडं होतं.

"बस," तो म्हणाला. "लीदा दोन वर्षांची होती तेव्हा तिची आई आघाडीवर गेली. परिचारिका म्हणून. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो, लीदा माझ्या कडेवर. त्या रात्री मी हे लिहायला बसलो. गाडी सुटते तिथपर्यंत आलो. पुढे लिहिता आलं नाही. ती परत आली नाही, आणि मला पुढचं कधीच सुचलं नाही. मी फलाटावर उभा होतो, मालन. फलाटावरून एवढंच दिसतं."

 नानांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी इतक्या चालींतून त्यांनी नेमकी हीच वाटं लावायची म्हणून ओळखली होती, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

"आता मला एक सांग," तो म्हणाला. "गाडीत तू होतीस. तुला काय ऐकू आलं? शेवटपर्यंतचं सांग."

मी डोळे मिटून आठवलं. "आधी माणसांचे आवाज गेले. मग क्लॅरनेट. ढोल वळणापर्यंत होता, तोही गेला. मग नुसती नानांची ट्रंपेट. उतार संपला तरी ती येतच होती. बारीक होत गेली, पण थांबली नाही. थांबली कधी ते मला कळलंच नाही. मला वाटतं, ती मला सिन्नरपर्यंत ऐकू येत होती."

"तिनं थांबलेली ऐकलीच नाही," म्हातारा म्हणाला. तो माझ्याबद्दल बोलत नव्हता हे मला समजलं. त्यानं माझे दोन्ही हात घेऊन कपाळाला लावले. पाया पडण्यातलं हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बहुधा नानांनीच.

ती चाल आमच्याकडे राहिली. पुढच्या वर्षी चांदोरीहून सांगावा आला, मास्तरांनी लेकीला वाजवलेली रशियन वाजवा. नाना आधी तयार नव्हते. मग म्हणाले, बाबानं घराबाहेर काढलीय, आता ती समद्यांची. येवल्याच्या बँडनं ती उचलली, सिन्नरच्यानं उचलली. ज्या माणसाचं त्याच्या गावात कुणी वाजवलं नव्हतं, त्याची चाल आमच्या तालुक्यात अशी झाली की ती लागल्याशिवाय आया रडेनाशा झाल्या. तोवर लीदाही मायदेशी गेली होती, त्याला हे कळवायचं कसं, आम्हाला ठाऊक नव्हतं.

बारा-तेरा वर्षांनी कारखान्यात नवा रशियन इंजिनिअर आला, तो मला शोधत सिन्नरला आला. लीदानं कॅसेट पाठवली होती. म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला, पण जाण्याआधी त्यानं आपली चाल सगळ्या वाद्यवृंदावर वाजताना स्वतःच्या कानांनी ऐकली, असं त्या इंजिनिअरनं सांगितलं. आधी प्रागला वाजलं, तिथल्या लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या, आणि मग लेनिनग्राडनंही बोलावलं.

कॅसेट घेऊन मी दुसऱ्याच दिवशी ओझरला आले. नानांचे दात गेले होते, ट्रंपेट भिंतीवर होती. मी टेपरेकॉर्डर त्यांच्या खाटेवर ठेवला. कितीतरी व्हायोलिनं होती, आम्हाला नावं ठाऊक नसलेली वाद्यं होती, पण नानांची बोटं गोधडीवर चालत होती. सा, ग, ग, म. चाल चढली, निषादावर गेली. नानांनी श्वास रोखला. आणि एक ट्रंपेट आली, निषाद उचलून अलगद षड्जावर उतरली.

"मुखडा!" नाना म्हणाले. "आला का न्हाई मुखड्यावर?"

मग एकेक वाद्य कमी व्हायला लागलं. आधी सगळी गर्दी गेली. मग क्लॅरनेट गेला. नगारे गेले. एकटी ट्रंपेट राहिली, दूर दूर जात बारीक झाली. नाना टेपरेकॉर्डरवर वाकले, मग त्यांनी कानच लावला. फीत नुसतीच फिरायला लागली तरी ते तसेच होते.

मग त्यांनी वर पाहिलं. माझ्या पाठवणीच्या दिवशी ते फाटकात उभे होते. गाडीतून काय ऐकू येतं, हे त्यांना कधी ऐकायला मिळालंच नव्हतं.

"एवढ्या लांबवर येत होता का गं माझा आवाज तुला?"

"हो, नाना," मी म्हणाले. "अजून येतो."